जातीचा रकाना कुणाच्या कामाचा?

नोकरीच्या अर्जावर जात काहून इचारतेत, असं आमच्या वस्तीतली शिकलेली पोरं आता मोठ्यानं विचारायला लागलीत. चांगलं आहे. आपुन जात मानत नाही, मग त्या रकान्यात लिहायचं कशाला, असा त्यांचा सवाल. पुण्याला कंपनीत लागलेला एक पोरगा तर म्हणाला, "काका, आमच्याकडं जात इचारतच नाहीत. निस्तं नाव-आडनाव लिहून घेतात."

निस्तं आडनाव! मला हसू आलं. पण पोराला उत्तर द्यायला पाहिजे, आणि ते उत्तर चार वाक्यांत मावणारं नाही.

मी परभणीत एका कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. सेवापुस्तकं लिहिली, ज्येष्ठता याद्या केल्या, बिंदुनामावलीचं रजिस्टर सांभाळलं. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर माणसाचं नाव, त्याची जात, बापाचं नाव, जन्मतारीख, उंची आणि अंगावरची ओळखखूण एवढं लिहून घेतात. उंची अन् ओळखखूण इंग्रज शिकवून गेले. माणूस पळाला तर धरता यावा म्हणून. जन्मतारीख लागते निवृत्तीसाठी. बाई की पुरुष हे लागतं बाळंतपणाच्या रजेसाठी. कारखान्याच्या १९४८ च्या कायद्यात तर बायका मोजल्याशिवाय पाळणाघर होत नव्हतं. आधी पन्नास बायकांची अट होती, १९७६ ला ती तीसवर आणली. मग काही मालक एकोणतीस बायका झाल्या की भरती थांबवायला शिकले. मोजणी कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं असतं, ते असं.

राहिला जातीचा रकाना. त्याला इतिहास आहे. तो शाळेच्या पुस्तकात नाही म्हणून इथं लिहितो.

गाव हा आमचा पहिला मालक. या मालकाला कागद कधी लागला नाही. मेलेलं ढोर कुणी ओढायचं, मयतीचा सांगावा कुणी न्यायचा, वेशीत रात्री कुणी बसायचं हे घर कुठं आहे त्यावरून ठरलेलं. वर निजाम असो नाहीतर इंग्रज, गावकुसाबाहेरच्या माणसाला काही फरक पडला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामातून सुटला, पण त्यानंतरही कित्येक वर्षं माझ्या बानं येसकरकी केली अन् भाकरी मागून आणली. रजिस्टर नाही, जाहिरात नाही, मुलाखत नाही, आणि शंभर टक्के जागा राखीव! आमचं आरक्षण डोळ्यांत खुपणाऱ्यांनी हे जुनं आरक्षण कधी मोजलं नाही.

कागद आला तो फौजेत. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई होते, हवालदार होते, सुभेदार होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच फौजेतले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज बिचकला. कोणत्या पलटणीत कोणत्या जातीची किती माणसं आहेत याचे तो जातवार तक्ते करू लागला. तक्ते आले तसं त्यांच्यावर शास्त्रही आलं. काही जाती लढाऊ, बाकीच्या नालायक. १८९२-९३ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. ज्याच्या आज्यानं सरकारी पेन्शन खाल्ली त्याच्या नातवाला जात विचारून परत लावलं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची १११ वी पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ ला मोडून टाकली. दुसऱ्या लढाईत १९४१ ला पुन्हा महार रेजिमेंट. गरज लागली की जात पाहून बोलवायचं, गरज सरली की तीच जात पाहून हाकलायचं. आणि हे सगळं ज्या तक्त्यांवरून चाललं ते तक्ते आमच्या माणसाला कधी पाहायला मिळाले नाहीत. मालकानं मालकासाठी केलेली ती मोजणी होती.

आता कोल्हापुरात या.

शाहू महाराज १८९४ ला गादीवर बसले तेव्हा त्यांच्या राज्यकारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर फक्त १०. हे आकडे आपोआप कुणी आणून दिले नाहीत. राजानं मोजले म्हणून दिसले. पुढं २६ जुलै १९०२ ला हुकूम निघाला. मागासलेल्या वर्गांना शेकडा ५० जागा. महाराज तेव्हा विलायतेत होते. हा हुकूम आपल्याकडं जयंतीच्या भाषणात दरसाल सांगतात. पण भाषण पन्नास टक्क्यांवर थांबतं. त्याच हुकमात पुढं असंही आहे की, प्रत्येक खात्याच्या मुख्यानं हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करावा. मी कारकून माणूस. मला ते शेवटचं कलम जास्त मोठं वाटतं. टक्केवारी जाहीर करायला राजा पुरतो. ती अंमलात आली की नाही हे पाहायला तिमाही तक्ता लागतो. खातेप्रमुखाला दर तीन महिन्यांनी जाब द्यायचा होता, अन् तो जाब जातीचा रकाना भरल्याशिवाय देता येत नव्हता. १९१२ पर्यंत ९५ जागांत ब्राह्मण ३५ वर आले.

या आकड्यांत आपला अस्पृश्य माणूस किती होता असं कुणी विचारलं तर उत्तर फार सुखाचं नाही. 'मागासलेले' हा शब्द मोठा होता आणि आपण त्याच्या तळाला होतो. म्हणून तर महाराजांना पुढं महारांना तलाठ्याची कामं द्यायला वेगळे प्रयत्न करावे लागले. पण रकान्याचं तोंड त्या हुकमानं फिरवलं. तोवर जात लिहायची ती माणसाला अडवायला. इथं पहिल्यांदा ती लिहिली गेली अडवणाऱ्याचा हिशेब घ्यायला.

मुंबईच्या गिरण्यांत कागदावर काही नव्हतं. आपला माणूस कताई खात्यात चालायचा, पण विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं त्याला दार बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा अन् अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालायचा नाही. हा नियम मालकानं लिहिलेला नव्हता. कामगारांनी पाळला आणि मालकानं पाळू दिला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्यापुढं ठेवला, तेव्हा पुढाऱ्यांनी नाइलाजानं ती मागणी यादीत घातली. वर्ग, वर्ग म्हणणाऱ्यांना एका छपराखालची दोन खाती दिसत नव्हती.

आमच्या भागाला गिरणीपेक्षा रेल्वे जवळची. मनमाडहून निघालेला निजामाचा रूळ औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जातो. परभणी-पूर्णेच्या किती घरांत रेल्वेचा डगला खुंटीला होता हे जुन्या माणसांना विचारा. याच रुळाच्या त्या टोकाला, मनमाडला, १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेब बोलले ते तिथं. तेवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या जागा एकेक करून सांगितल्या. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत. का? तर पोर्टर हा स्टेशनमास्तरच्या घरचं पाणीही भरतो, आणि मास्तरला घरात अस्पृश्य चालत नाही. कारकुनीत घेत नाहीत. कारखान्यात घेतलं तर मिस्त्री, फोरमन होऊ देत नाहीत. बघा, हे भाषण नाही, हा जागांचा तक्ता आहे. रेल्वेनं जो तक्ता केला नव्हता तो बाबासाहेबांनी तोंडी करून दाखवला.

सरकारचा तोवरचा हिशेबही असाच होता. १९३४ च्या ठरावात केंद्राच्या नोकऱ्यांत मुसलमानांना २५ टक्के आणि इतर अल्पसंख्याकांना ८.३३ टक्के ठरले. अस्पृश्यांच्या वाट्याला आकडाच नाही, निस्ती सदिच्छा! १९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयपुढं अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन ठेवलं. त्यात जातवार मोजणी होती. सगळ्या आय.सी.एस. मध्ये अस्पृश्य फक्त एक. तो 'एक' सदिच्छेपेक्षा जड होता. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ८.३३ टक्क्यांचा हुकूम निघाला. १९४६ ला साडेबारा टक्के झाले, १९७० ला पंधरा. कोरड्या आकड्यांत आमच्या किती घरांचा चुलवणाचा धूर आहे ते मोजायला मला येत नाही.

स्वातंत्र्यानंतरची मोजणी पाहा. १ जानेवारी १९६५ ला केंद्र सरकारच्या पहिल्या वर्गाच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींचे शेकडा १.६४ लोक होते. दुसऱ्या वर्गात २.८२. तिसऱ्यात ८.८८. चौथ्यात १७.७५. तीस वर्षांनी, १९९५ ला, पहिल्या वर्गात १०.१५ आणि चौथ्या वर्गात २१.२६. म्हणजे वरचा आकडा हलला तो मोजल्यामुळं हलला. आणि तरी घोड्यापुढं पळणारे अजून पुढंच पळत होते. या तक्त्यांत एक बारीक ओळ असायची, तिकडं लक्ष द्या. चौथ्या वर्गाचा आकडा 'सफाई कामगार वगळून' असा देत आणि सफाई कामगारांचा आकडा वेगळ्या ओळीत. का? कारण झाडूवाले धरले की आपला टक्का एकदम फुगतो आणि सरकारला सांगता येतं की, पाहा, ह्यांना केवढं दिलं! कुणीतरी शहाण्या माणसानं ती ओळ वेगळी ठेवली. त्या एका ओळीत जातिव्यवस्थेवरचं अख्खं पुस्तक मावलेलं आहे. सवर्णांतला कुणी त्या ओळीसाठी कधी मोर्चा घेऊन आला नाही, की आमच्यावर अन्याय झाला, आम्हाला झाडूत वाटा द्या.

आता माझ्या घरातली गोष्ट, कारण ती पुष्कळ घरांतली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ लोकांनी स्वतःला बौद्ध लिहिलं. दहा वर्षांपूर्वी हा आकडा अडीच हजारांच्या आसपास होता. लोकांनी आपल्या हातानं रकाना बदलला होता. जगाच्या इतिहासात रकान्याचं असं बंड फार नसेल झालं. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात कलम होतं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ ला त्यात शिखांना घेतलं. बौद्धांना नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यानं आपल्या नोकऱ्यांत बौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं दिल्या नाहीत.

माझे थोरले मामा केंद्र सरकारच्या एका खात्यात राखीव जागेवर निवडले गेले होते. कागद तपासताना तिथल्या बाबूनं सांगितलं, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलंय, हे खोडून हिंदू लिहा, नाहीतर जागा जाते. बाबू वाईट नव्हता, मामाच सांगायचे. त्यानं दौतसुद्धा पुढं केली. मामांनी लिहिलं नाही. आल्या पावली परत आले आणि पुढं मोंढ्यात पोती वाहिली. त्यांच्यासोबतच्या दुसऱ्यानं लिहिलं. त्याच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तो तसाच राहिला, पोरं शिकली. मामांनी त्या माणसाला कधी नावं ठेवली नाहीत. आणि मामांचाच चुलतभाऊ त्याच काळात जिल्हा परिषदेत मास्तर म्हणून लागला, रकान्यात बौद्ध लिहून, कारण जिल्हा परिषद राज्याची. एकाच आज्याचे दोन नातू. एक सरकार म्हणतं हा अस्पृश्य होता, याला जागा द्या. दुसरं म्हणतं हा आता अस्पृश्य नाही. गावानं मात्र दोघांनाही एकाच विहिरीवरून हाकललं होतं.

हे चौतीस वर्षं चाललं. १९९० ला व्ही. पी. सिंग सरकारनं कायदा दुरुस्त केला आणि बौद्ध आले. मामा त्याच्या आधीच गेले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ च्या जनगणनेत सुमारे ७ टक्के होतं, १९९१ ला ते सुमारे ११ टक्के झालं. माणसं वाढली नव्हती. रकाना उघडला होता.

राज्याच्या नोकरीत हा रकाना ज्या रजिस्टरात जाऊन बसतो त्याला बिंदुनामावली म्हणतात. नाव सुंदर आहे, काम रूक्ष. समजा एका संवर्गात शंभर जागा आहेत. प्रत्येक जागा एक बिंदू. २००४ पासून लागू असलेल्या राज्याच्या आरक्षण कायद्याप्रमाणं त्यातले १३ बिंदू अनुसूचित जातींचे, त्यात बौद्ध आले. ७ अनुसूचित जमातींचे, १९ इतर मागासवर्गाचे, मग विमुक्त आणि भटक्यांचे वेगवेगळे. कोणत्या बिंदूवर कोण बसलाय ते नावानिशी लिहायचं. सर्वोच्च न्यायालयानं सभरवाल खटल्यात १९९५ ला दोन गोष्टी ठरवून दिल्या. बिंदू जागेला चिकटलेला असतो, म्हणजे आपल्या बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला तर तिथं आपलाच यायला पाहिजे. आणि दुसरी, आपला उमेदवार गुणांवर खुल्या जागेत आला तर त्याला राखीव बिंदूवर मोजायचं नाही.

ही दुसरी गोष्ट कचेऱ्यांना पचत नाही. आमच्याकडं एकदा असं झालं. भरतीत आपला एक पोरगा खुल्या यादीत वरून चौथा आला. रजिस्टरात त्याला अनुसूचित जातीच्या बिंदूवर दाखवायचा तोंडी हुकूम आला. तसं केलं की खाली आपल्या दुसऱ्या पोराची एक जागा आपोआप मरते. कुणाला मारावं लागत नाही, निस्ती एक ओळ सरकवायची. मी टिप्पणी लिहिली. साहेब म्हणाले, "जात तर तीच आहे ना? मग काय बिघडलं?" मी टिप्पणी मागं घेतली नाही. औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथून, आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाचं तपासणी पथक आलं. कचेरीच्या भाषेत त्याला 'मावक' म्हणतात. त्यांनी तीच ओळ धरली आणि शेरा मारला. पोरगा खुल्या बिंदूवर गेला, दुसऱ्याची जागा जगली. माझं टेबल बदललं. पुढं काही वर्षं आवक-जावक केली. चालायचंच. पण सांगायचं हे की, ती चोरी सापडली कशी? रकाना भरलेला होता म्हणून. रकाना कोरा असता तर पोरगा 'कुणीतरी हुशार उमेदवार' राहिला असता आणि मेलेल्या जागेला वारससुद्धा मिळाला नसता.

पोरांची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तपासणीसाठी लिहिलेला कागद टेबलावर पडतो आणि दुपारच्या चहाला टपरीवर पोचतो. नवा माणूस रुजू व्हायच्या आधी त्याची जात रुजू झालेली असते. मग डबे वेगळे नसतात, पण गप्पा त्याच्यापुढं थांबतात. बढतीच्या वेळी 'कोट्यातला' हा शब्द हळूच येतो. हा दोष लिहिण्याचा नाही, उघडा टाकण्याचा आहे.

अमेरिकेत हे थोडं वेगळं करतात, तेही सांगतो, कारण पँथर हे नाव आपल्याकडं १९७२ ला तिकडूनच आलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर १९६६ पासून तिथल्या मोठ्या खाजगी मालकांना आपल्याकडं काळे किती, गोरे किती, बाया किती, कोणत्या हुद्द्यावर किती, याचा तक्ता दरसाल सरकारला द्यावा लागू लागला. खाजगी मालकांना! नेमणूक करताना ही माहिती शक्यतो वेगळ्या कागदावर घेतात, म्हणजे निवडणाऱ्याच्या हातात ती पडू नये आणि तपासणाऱ्याच्या हातात पडावी. १९७१ ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात ड्यूक पॉवर कंपनीचा खटला गाजला. त्या वीजघरात ९५ कामगार, त्यात १४ काळे. पूर्वी काळ्यांना एकाच खात्यात घेत, मजूर खात्यात, आणि त्या खात्यातला सगळ्यात मोठा पगार दुसऱ्या खात्यांतल्या सगळ्यात लहान पगारापेक्षा कमी. कायदा आला तसा कंपनीनं काळ्यांना बंदी काढली आणि शाळेचा दाखला अन् बुद्धीची चाचणी लावली. न्यायालय म्हणालं, हेतू काय होता ते सोडा, फळ काय आलं ते पाहू. कामाशी संबंध नसलेली चाळणी चालणार नाही. मुंबईचं विणकाम खातं आठवतं की नाही?

आपल्याकडं खाजगी मालकाला असा तक्ता मागणारा कायदा नाही. २००६ ला केंद्र सरकारनं उद्योगपतींशी बोलणी केली. त्यांनी समित्या नेमल्या आणि स्वखुशीनं करू म्हणाले. स्वखुशी म्हणजे काय ते गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगायला नको. पुण्याच्या त्या पोराला मी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ ला छापलेला अभ्यास सांगितला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक नावात. सवर्ण हिंदू आडनावाच्या मानानं दलित आडनावाला बोलावणं यायची शक्यता दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. त्या कंपन्यांच्या अर्जावर जातीचा रकाना नव्हता. पोरगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे ते मोजायलेत, आपल्याला दिसू देईना गेलेत." बरोबर बोलला.

मोजून घात केल्याचा दाखलाही ताजा आहे. रोजगार हमीच्या कामावर, ज्याचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात, १९७२ च्या दुष्काळात, केंद्रानं २०२१-२२ सालापासून मजुरीचे पैसे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा तीन वेगळ्या वाटांनी द्यायचं ठरवलं. कुणाला किती जातात ते नीट कळावं म्हणून, असं कारण. झालं काय, तर एकाच मस्टरवर, एकाच चरावर माती काढलेल्या माणसांचे पैसे वेगवेगळ्या दिवशी पडू लागले आणि कामावर जातीवरून धुसफूस सुरू झाली. ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी तो प्रकार मागं घ्यावा लागला. हिशेब वरच्यांचा घ्यायचा असतो. हिशेबाच्या नावाखाली मजुराच्या मजुरीलाच जातीचं कुंपण घातलं तर तो रकाना पुन्हा इंग्रजाच्या पलटणीतला होतो.

आणि सध्या सगळ्यात मोठा डाव रकाना भरण्याचा नाही, तो नाहीसा करण्याचा आहे. कायम जागा भरायच्या नाहीत, ठेकेदाराकडून माणसं घ्यायची. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पद्धत नाही. ठेकेदाराचा माणूस कुठल्या बिंदूवर बसत नाही. त्याला सेवापुस्तक नाही, सेवापुस्तकाचं पहिलं पान नाही. मावकचं पथक येऊन तपासणार काय? ठेक्याच्या मस्टरवर जात लिहिलेली नसते, पण पहाटे पाचला नालीत उतरणारी माणसं कोण आहेत ते परभणीच्या कुठल्याही चौकात उभं राहून मोजा.

३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचं ठरवलं. १९३१ नंतर पहिल्यांदा. ती मोजणी लोकांची. मालकांची मोजणी वेगळी आणि ती आपल्यालाच मागावी लागेल. सरकारी कचेरी असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या तिकिटावर अर्ज होतो. अर्जात लांबलचक भाषण लिहू नका, कारकून ते वाचत नाही. एवढंच मागा: अमुक संवर्गाच्या बिंदुनामावली नोंदवहीची प्रत; मागासवर्ग कक्षानं ती शेवटची कधी तपासली त्याची तारीख आणि शेरे; अनुसूचित जातींचा अनुशेष किती, किती सालापासून; आणि त्याच कचेरीत ठेक्यावर किती माणसं, कोणत्या कामाला. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलेली उत्तरं या पत्त्यावर पाठवा, पुढच्या अंकाच्या स्टेन्सिलवर जागा ठेवली आहे.